एकहाती गाडी

‘एकहाती वापरलेली, उत्तम स्थितीतील’ हे शब्द मी बँकेच्या नोकरीत इतक्या वेळा वाचले की, त्यांच्यावरचा माझा विश्वास केव्हाच उडाला. जुन्या वाहनासाठी कर्ज मागायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, “साहेब, डॉक्टरची गाडी आहे.” तालुक्याच्या गावात डॉक्टर तीन आणि त्यांनी विकलेल्या गाड्या तीस, असा तो हिशेब होता. इंजिन ठणठणीत, टायर नवे आणि मालक एकच. पुढे आरसी बुक उघडले की आतल्या पानावर दोन-तीन नावे निघायची. मग अर्जदार हसून म्हणायचा, “ते काय, घरातल्या घरातच होतं!”

म्हणूनच २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मुलीकडे मिशिगनला गेलो असताना समोरच्या घरातले म्हातारबा “गाडी विकायची आहे, मालक पहिल्यापासून एकच,” असे म्हणाले, तेव्हा मी मनातल्या मनात आरसी बुकाचे आतले पान उलटले.

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या जुन्या माणसांचा मोटारीशी संबंध नसणे म्हणजे सांगलीच्या माणसाचा हळदीशी संबंध नसण्यासारखे आहे. म्हातारबांचे वय त्र्याऐंशी. उभी हयात फोर्डच्या रूज कारखान्यात साचे घडवण्यात गेलेली. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली, बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली, आणि आता मुलीजवळ ॲरिझोनात राहायला जायचे ठरलेले. घर विकले गेले होते. उरली होती गाडी. मुलीने माझी ओळख करून देताना सवयीने म्हटले, “आमचे बाबा बँकेत होते. कागदपत्रांचं त्यांना विचारा.” निवृत्त माणसाला एवढे पुरते.

त्यांनी गॅरेजचे दार वर केले. आत १९६६ ची फोर्ड मस्टँग उभी होती. टप उघडणारी. अमेरिकन माणूस जिला ‘कन्व्हर्टिबल’ म्हणतो ती. रंग पांढरा, पण चुन्यासारखा नव्हे, किंचित सायीकडे झुकणारा. फोर्डने त्याला ‘विम्बल्डन व्हाइट’ असे नाव दिले होते. आत निळ्या सीटा, टप काळा. गाडीवर जुन्या चादरी अशा घातलेल्या होत्या, की आपल्याकडे पाहुणे गेल्यावर बैठकीच्या सोफ्यावर घालतात. म्हातारबांनी त्या एकेक करून घड्या घालत काढल्या. घाई नाही. मला आमच्या बँकेतल्या स्ट्राँगरूममध्ये तारण दागिन्यांची पिशवी सोडणारा सराफ आठवला.

या गाडीची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिच्यामागे फोर्डमधला ली आयाकोका हा तडफदार अधिकारी होता. युद्धानंतर जन्मलेली पोरे आता कमावती होत होती. त्यांना बापाची जड गाडी नको होती आणि महाग स्पोर्ट्स कार परवडत नव्हती. सगळ्यांत साध्या मस्टँगची छापील किंमत होती २,३६८ डॉलर. पहिल्याच दिवशी २२,००० मागण्या नोंदल्या गेल्या आणि पहिल्या वर्षात चार लाखांवर गाड्या खपल्या. गंमत म्हणजे शिकागोतल्या एका बावीस वर्षांच्या शाळामास्तरणीने ही गाडी दोन दिवस आधीच, १५ एप्रिलला विकत घेतली. दुकानदाराने मागच्या बाजूला झाकून ठेवलेली निळी, टप उघडणारी मस्टँग तिला दाखवली आणि ती तिथल्या तिथे पसंत पडली. मस्टँगची पहिली गिऱ्हाईक म्हणून आज तिचेच नाव घेतात. दुसरी कथा कॅनडातल्या एका वैमानिकाची. पहिल्या क्रमांकाची मस्टँग चुकून त्याला विकली गेली. ती परत मिळावी म्हणून फोर्डला पुढे त्याला दहा लाखावी मस्टँग द्यावी लागली. ती पहिली गाडी आता डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

तेव्हा टप उघडणाऱ्या गाड्यांचा अमेरिकेत बहराचा काळ होता. १९६५ साली तिथे अशा पाच लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. दहा वर्षांत तो बहर ओसरला. गाडीत एअर कंडिशनर आला, मोठ्या हमरस्त्यांवर ताशी सत्तर मैलांनी जाताना डोक्यावर वारा नकोसा झाला, शहरांत चोर कापडी टप ब्लेडने फाडू लागले, आणि गाडी उलटली तर छत टिकले पाहिजे असा कायदा सरकार करणार, या धास्तीने कंपन्यांनी हात आखडता घेतला. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो ही ‘शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल’ म्हणून गाजावाजा करून विकली गेली. त्या वर्षी अशा १४,००० गाड्या निघाल्या. शेवटच्या दोनशे तर सगळ्या सारख्या पांढऱ्या. लोकांनी त्या छापील किमतीहून कितीतरी जास्त पैसे मोजून घेतल्या आणि सोन्याच्या लगडीसारख्या गॅरेजमध्ये ठेवून दिल्या. पुढे १९८२ मध्ये याच आयाकोकाने क्रायस्लरमध्ये बसून टप उघडणारी गाडी पुन्हा बाजारात आणली, आणि १९८४ च्या मॉडेलपासून खुद्द कॅडिलॅकनेही. ‘शेवटची’ म्हणून गाडी घेतलेल्यांपैकी काही जण चिडून कोर्टात गेले. बँकेच्या माणसाला या हकिकतीतून एक सुख मिळते. आपण ज्यांना ठेवी ठेवा म्हणून विनवले आणि जे न ऐकता भलतीकडे पैसे गुंतवून बसले, ते सगळे डोळ्यांपुढे येतात.

मी म्हातारबांना म्हटले, “कागद दाखवा.”

त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्यात गाडीचा मालकीहक्काचा कागद होता. तिथे त्याला ‘टायटल’ म्हणतात, आपल्या आरसी बुकाचा थोरला भाऊ. त्यावर नाव म्हातारबांचे नव्हते. बायकोचे होते.

“मी कुठं म्हणालो मी मालक आहे?” ते म्हणाले. “मालक एकच, असं म्हणालो.”

गाडी तिने मे १९६६ मध्ये घेतली. तीही शाळेत शिकवायची, वय बावीस. लग्न झाले १९६९ मध्ये. म्हणजे नवरा गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवा. बावन्न वर्षांच्या संसारात म्हातारबा या गाडीत बहुतेक वेळ शेजारच्या सीटवर बसले. तेल बदलणे, प्लग साफ करणे, पत्रा ठोकणे ही सगळी कामे त्यांची; चालवणे तिचे. “फोर्डमध्ये मी नोकरी करायचो, पण घरात फोर्ड तिची होती,” हे वाक्य त्यांनी पूर्वीही बऱ्याच जणांना ऐकवलेले असावे, कारण ते बोलून ते थोडे थांबले. मी हसलो.

डब्यात तळाशी कर्जाची कागदपत्रे होती, आणि इथे मी हसायचा थांबलो. गाडीची किंमत तीन हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे तिच्या वर्षाच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त. काही रक्कम तिने रोख भरली होती, बाकीचे छत्तीस हप्ते. प्रत्येक हप्त्याच्या पावतीवर तिची सही. पण मूळ करारावर कर्जदार म्हणून दोन सह्या होत्या. एक तिची, दुसरी तिच्या वडिलांची.

“बँकेनं सांगितलं, वडिलांना घेऊन या,” म्हातारबा म्हणाले. “वडील तेव्हा बेकार होते. कारखान्यातून कमी केलेले. तरी सही त्यांची लागली.”

अमेरिकेत तेव्हा हे सर्रास चालत असे. बाई कमावती असो, हिशेबाला चोख असो, कर्जासाठी बाप नाहीतर नवरा लागायचा. कर्ज देताना स्त्री-पुरुष किंवा विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही, हा कायदा तिथे १९७४ मध्ये आला. तोवर या बाईचे हप्ते फिटून पाच वर्षे झाली होती.

मी कागद घडी घालून डब्यात ठेवला. माझ्या डोळ्यांपुढे अमेरिका नव्हती. १९८७ साली मी एका तालुक्याच्या शाखेत कर्जविभागाच्या टेबलावर होतो. एक प्राथमिक शिक्षिका लूनासाठी कर्ज मागायला आली. शाळा गावापासून सात किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोनदा. पगाराचा दाखला होता, मुख्याध्यापकांचे पत्र होते. मी म्हटले, “बाई, जामीनदार म्हणून मिस्टरांची सही आणा.” ती म्हणाली, “साहेब, पगार मला आहे. ते घरीच असतात. त्यांची सही कशाला?” मी म्हटले, “पद्धत आहे.” नियम आहे असे म्हणालो नाही, कारण तसा नियम मी कुठे वाचलेला नव्हता. ती अर्ज घेऊन गेली ती पुन्हा आली नाही. त्या वर्षी मी लूनाची अकरा कर्जे मंजूर केली होती. एकाही पुरुषाला मी बायकोची सही मागितली नव्हती.

रात्री हे मी आमच्या हिला सांगितले. ती भाजी चिरत होती. म्हणाली, “आणि माझा पगार ज्या खात्यात जमा व्हायचा त्या खात्यावर पहिलं नाव कुणाचं होतं?” मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामाला लागलो. पहिली गोष्ट, टायटलवरचे नाव. मिशिगनमध्ये आरटीओचे काम ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’च्या कार्यालयात चालते. हे नाव ऐकून मला आधी किसिंजरसाहेबच आठवले. प्रत्यक्षात आत टोकन घेऊन बसलेली माणसे आणि काचेपलीकडे थकलेल्या बाई, म्हणजे घरच्यासारखेच. मृत्यूचा दाखला आणि आपण वारस आहोत असे लिहून दिलेला नमुना, एवढ्यावर काम झाले. काही दिवसांनी गाडीचा नवा कागद म्हातारबांच्या नावाने आला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “आता मालक दोन झाले.”

ही गोष्ट त्यांना लागली. बाजाराच्या दृष्टीनेही ती लहान नव्हती. जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘एकच मालक’ या शब्दांना पैसे मिळतात. का मिळतात, तेही समजण्यासारखे आहे. आपल्याकडचा चेसिस नंबर, तोच तिथला गाडीचा क्रमांक. तो बोलका असतो. या गाडीच्या बॉनेटखाली डाव्या पत्र्यावर ठोकलेला क्रमांक ‘६ एफ ०८ सी’ असा सुरू होतो. सहा म्हणजे १९६६, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०८ म्हणजे टप उघडणारी, आणि सी म्हणजे २८९ घनइंचांचे, दोनशे हॉर्सपॉवरचे व्ही-८ इंजिन. दारावरच्या पट्टीवर रंगाचे अक्षर एम, म्हणजे विम्बल्डन व्हाइट. इतके सगळे लोखंडात कोरलेले. पण त्या काळच्या साध्या मस्टँगच्या इंजिनावर गाडीचा क्रमांक ठोकत नसत. फक्त खास ताकदीच्या ‘के’ इंजिनावर ठोकत. तेव्हा आत्ताचे इंजिन मूळचेच आहे हे निव्वळ क्रमांकावरून सिद्ध होत नाही. मैलांचेही तसेच. आकडा दाखवणाऱ्या डब्यात पूर्ण मैलांचे घर पाचच आकड्यांचे. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. काचेत ६१,००० दिसले तर ते एकसष्ट हजारही असतील आणि एक लाख एकसष्ट हजारही. इतक्या जुन्या गाडीच्या मैलांची लेखी हमी देण्याची सक्तीही तिथला कायदा करत नाही. मग विश्वास ठेवायचा कशावर? तर पहिल्यापासून ज्याच्या हातात गाडी होती त्याच्या शब्दावर, आणि त्याने काही लिहून ठेवले असेल तर त्याच्यावर.

तिने लिहून ठेवले होते.

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, पाठीला चिकटपट्टी लावलेली. मे १९६६ पासून ऑक्टोबर २०२० पर्यंत प्रत्येक वेळी पेट्रोल भरले त्याची तारीख, मैल, गॅलन, पैसे. मध्येच तेल बदलल्याची नोंद, टायर, बॅटरी. १९६६ ते ६९ हे तीन हिवाळे गाडी रस्त्यावर होती. डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, आणि बर्फ वितळावे म्हणून हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ गाड्यांचे पत्रे खाते. लग्नानंतर म्हातारबांनी हिवाळ्यासाठी एक खटारा घेतला आणि मस्टँग नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजमध्ये राहू लागली. पण तीन हिवाळ्यांचे देणे फेडावे लागलेच. १९९१ च्या एका पानावर लिहिले होते, उजव्या बाजूच्या पायाखालचा पत्रा बदलला.

मी तीस वर्षे लेजरे तपासली आहेत. खोटे लेजर कसे दिसते ते मला ठाऊक आहे. त्यात शाई एकसारखी असते. या वहीत सात-आठ तऱ्हांच्या शाया होत्या, पेन्सिल होती, एका पानावर कुणा लेकराने काढलेले मांजर होते. मी म्हातारबांना म्हटले, “तुमच्या गाडीची निम्मी किंमत ही वही आहे.”

ते म्हणाले, “वही मी देणार नाही.”

मी समजावले, वहीशिवाय एकसष्ट हजार हा नुसता आकडा आहे. झेरॉक्स तुम्ही ठेवा, मूळ वही गाडीबरोबर द्या. म्हातारबांनी वही उचलली, घरात गेले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. रस्त्यापलीकडून हात करायचे तेही बंद. मुलगी माझ्यावर वैतागली. “बाबा, प्रत्येक ठिकाणी ऑडिट कशाला?” तिचेही बरोबर होते. माणसाच्या बायकोच्या हस्ताक्षराला मी व्हाउचर म्हणालो होतो.

तिसऱ्या दिवशी ते स्वतःच आले, हातात जाहिरातीचा मसुदा. त्यात ‘एकच मालक’ हे शब्द नव्हते. लिहिले होते : ‘मालक माझी पत्नी, १९६६ ते २०२१. त्यानंतर माझ्या गॅरेजमध्ये उभी. पेट्रोलची वही सोबत. एक पत्रा बदललेला. पावसात पुढच्या काचेखालून पाणी येते.’ किंमत बत्तीस हजार डॉलर.

मी म्हटले, “पाण्याचं गिऱ्हाईक आल्यावर सांगता येईल.” बँकेत मी दुसऱ्यांना नेमका याच्या उलट उपदेश केलेला आहे. ते म्हणाले, “ती असती तर पहिलंच तेच सांगितलं असतं. तिचे बूट भिजायचे ना.”

गिऱ्हाइके आली. पहिला जुन्या गाड्यांचा व्यापारी. त्याने खिशातून फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक काढले आणि पत्र्यावरून फिरवले. चुंबक चिकटले तर लोखंड, घसरले तर खाली लांबी भरलेली. आपल्याकडचे दलाल पत्र्यावर बोट वाजवून पाहतात, हा जरा पुढारलेला. मग गुडघ्यावर बसून त्याने दाराच्या फटी पाहिल्या. टप उघडणाऱ्या गाडीला छताचा आधार नसतो, त्यामुळे खालचा सांगाडा गंजला की गाडी मध्यभागी झुकते आणि दाराची फट वर अरुंद, खाली रुंद अशी काहीतरी तिरकी दिसू लागते. या गाडीच्या फटी सरळ होत्या. चोवीस हजार देतो म्हणाला, आणि वर सल्ला दिला की जाहिरातीतून तो पाण्याचा उल्लेख काढा. “मी विकताना काढणारच आहे,” असेही म्हणाला. प्रामाणिक माणूस.

दुसरे एक तरुण जोडपे. त्यांना मस्टँगचे नुसते अंग हवे होते. आत नवे इंजिन, नवे गिअर, नवे ब्रेक घालायचे होते. ब्रेकच्या बाबतीत त्यांचे चूक नव्हते. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून एकच तेलाची वाट. ती फुटली तर चारही गेले. पुढच्याच वर्षापासून फोर्डने दोन वाटा केल्या. पण जोडप्यातल्या मुलाला क्लच दाबून गिअर टाकता येईना. गाडी गॅरेजच्या दारातच तीनदा बंद पडली. म्हातारबा दुसरीकडे पाहत उभे राहिले.

तिसरे गिऱ्हाईक कधी दिसलेच नाही. दुसऱ्या राज्यातून फोन. गाडी न बघता चौतीस हजार देतो, बँकेचा चेक पाठवतो, वाहतूकदाराचे पैसेही त्यातच घातले आहेत, तेवढे तुम्ही त्याला परत पाठवा. म्हातारबा खूश. मी मात्र ताठ बसलो. सबंध उन्हाळ्यात माझा खरा उपयोग झाला तो या घडीला. बँकेचा म्हणून येणारा असा चेक खोटा निघेपर्यंत काही दिवस जातात, खात्यावर पैसे दिसतात, तोवर तुम्ही ‘जादाचे’ पाठवून मोकळे झालेले असता. आमच्याकडे हीच युक्ती बनावट डिमांड ड्राफ्टवर चालायची. मी म्हटले, “जो कोणी घेईल त्याच्या बँकेत जाऊन, आपल्या डोळ्यांदेखत निघालेला चेक घ्यायचा. दुसरं काही नाही.”

दरम्यान ऑगस्ट आला. मिशिगनमध्ये अशा जुन्या गाड्यांना ‘ऐतिहासिक’ नंबरपट्टी मिळते. ती लावली की एरवी गाडी मिरवणुका, प्रदर्शने अशा प्रसंगीच बाहेर काढायची. फक्त ऑगस्टचा महिनाभर ती कुठेही फिरवायला मोकळीक. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ पासून जुन्या गाड्यांची जत्रा भरते. याच रस्त्याचा एक मैल १९०९ मध्ये काँक्रीटचा झाला, असा जगातला तो पहिलाच. म्हातारबा म्हणाले, “एकदा जाऊन येऊ. पण क्लच कोण दाबणार?” आमची मुलगी पुण्यात मारुती ८०० वर गाडी शिकलेली. तिने दाबला. म्हातारबा आपल्या नेहमीच्या, शेजारच्या सीटवर. मागे आम्ही दोघे, हिच्या डोक्याला ओढणी गच्च बांधलेली.

जत्रा म्हणजे नुसती मुंगीची चाल. रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले, पंढरीच्या वाटेवर पालखी बघायला बसावेत तसे. कुणी हात करायचे, कुणी ओरडून साल विचारायचे. तासाभरात इंजिन तापले. मुलीने बाजूला घेतली. म्हातारबा उतरले नाहीत. म्हणाले, “ती असती तर हीटर चालू करायला लावला असता. इंजिनाची उष्णता थोडी आत ओढून घेतो तो.” मुलीने हीटर लावला. ऑगस्टच्या उन्हात, उघड्या गाडीत, पायांवर गरम वारा घेत आम्ही चौघे बसलो आणि काटा खाली आला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक नर्स आली. चाळिशीच्या आतबाहेर, नवरा बरोबर. नवऱ्याने एकदा गाडीभोवती फेरी मारली आणि तो फोनमध्ये डोके घालून उभा राहिला. बाईने मात्र वही मागितली. गॅरेजमधल्या स्टुलावर बसून तिने पाऊण तास पाने उलटली. मांजराच्या चित्रापाशी थांबली. मग उठून पाण्याची बाटली घेतली, काचेखालच्या जाळीत ओतली आणि आत वाकून गालिचा दाबून पाहिला. ओला. “एकोणतीस हजार पाचशे,” ती म्हणाली. “हे दुरुस्त करायचं तर अख्खा पत्रा उचकावा लागतो.” म्हातारबांनी आयुष्यभर हेच काम केलेले. ते म्हणाले, “खरं आहे.” घासाघीस संपली. आपल्याकडे एवढ्या व्यवहाराला चहाचे तीन कप लागले असते.

चेक घ्यायला आम्ही तिच्या क्रेडिट युनियनमध्ये गेलो. आपल्या पतसंस्थेसारखीच संस्था ती. वाटेत नवऱ्याने हळूच सुचवले की कागदावर पंधरा हजार लिहिले तर सरकारचा सहा टक्के कर कमी बसेल. माझा हिशेब तोंडी झाला, आठशे सत्तर डॉलर वाचले असते. मुंबईत फ्लॅट घेतलेल्या कुठल्याही माणसाला या क्षणी परक्या देशात असल्यासारखे वाटणार नाही. बाईच त्याला म्हणाली, “कर्जाच्या कागदावर पूर्ण किंमत आहे. खोटं कसं लिहिणार?” काउंटरवरच्या पोराने तिचे ओळखपत्र पाहिले, पगाराची नोंद पाहिली, तिची सही घेतली. टायटलवर संस्थेच्या बोज्याची नोंद होणार, आपल्याकडे हायपोथिकेशनची होते तशी. नवरा कोपऱ्यात बसून फुकटची कॉफी पीत होता. त्याला कुणी उठवलेही नाही. मी त्या पोराच्या हाताकडे पाहत राहिलो. एकूण अकरा मिनिटे लागली.

गाडी ती शनिवारी न्यायची होती. त्या सकाळी म्हातारबांनी मुलीला पंपापर्यंत यायला सांगितले आणि टाकी काठोकाठ भरून घेतली. घरी आल्यावर वही उघडली. ऑक्टोबर २०२० नंतर पान कोरे होते. त्यांनी पहिल्यांदाच त्यात लिहिले : तारीख, ६१,४१२ मैल, टाकी पूर्ण. अक्षर मोठे, रेघेबाहेर जाणारे. मी आदल्या दिवशी सगळ्या पानांची झेरॉक्स काढून आणली होती. तो गठ्ठा त्यांनी बिस्किटांच्या डब्यात ठेवला, कर्जाच्या कागदांवर. बाई आली तेव्हा म्हणाली, “वही तुम्ही ठेवा, मला झेरॉक्स चालेल.” ते म्हणाले, “नाही. पुढं कुणाला विकायची झाली तर?”

चादरीही तिलाच दिल्या. गाडी वळणाआड गेल्यावर ते गॅरेजमध्ये जाऊन जमिनीवरचा तेलाचा डाग पुसत बसले.

दोन आठवड्यांनी, सामान ट्रकमध्ये भरत असताना त्यांनी मला हाक मारली. फोनवर बाईने वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता. त्यांच्या ओळीखाली निळ्या शाईत नवी ओळ होती. ६१,५७२ मैल, दहा गॅलन. त्यांनी चष्मा चढवला, खोक्यावर चिकटवायच्या चिठ्ठीच्या पाठीवर भागाकार मांडला.

“सोळा,” ते म्हणाले. “हिला अठरा मिळायचे. पोरगी जोरात चालवते आहे.”